विकीची खूणचिन्हे आणि आपला मराठी लेख

नमस्कार, श्रोतेहो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तेथे कोणालाही लिहिता येते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे; तरीही नागपूरच्या मारबतीविषयी, म्हणजे तिथल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीविषयी, किंवा अंबाझरी तलावाविषयी पुष्कळ सांगण्यासारखे असलेली माणसे लेखाचा स्रोत, म्हणजे खुणांसह लिहिलेला मूळ मजकूर, उघडतात आणि त्यातले कंस, तारे, बरोबरची चिन्हे पाहून खिडकी बंद करतात. ही चिन्हे मोजकी आहेत आणि सजावटीपेक्षा लेखाची रचना सांगण्यासाठी आहेत, एवढे लक्षात आले की त्यांची भीती राहत नाही. आज त्यांच्याविषयीच बोलायचे आहे.

पहिले विकी, म्हणजे वाचकांनाच पाने लिहिता-बदलता येतील असे संकेतस्थळ, अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये सुरू केले. एचटीएमएल, म्हणजे संकेतस्थळाची पाने लिहिण्याची संगणकीय भाषा, न शिकलेल्या माणसालाही पान लिहिता यावे, म्हणून त्यांनी साध्या चिन्हांची पद्धत ठेवली. त्या काळी दोन इंग्रजी शब्द मधली जागा न सोडता जोडले आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहिले, की त्याचा आपोआप दुवा होत असे. २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला तेव्हा तेथेही हीच रीत होती. पण लवकरच तिच्या जागी दुहेरी चौकोनी कंस आले. आपल्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा ठरला, कारण देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत आणि जुन्या रीतीने मराठीत एकही दुवा देता आला नसता.

आपण मारबतीवरचा लेख लिहायला घेतला आहे, असे समजू. पहिल्या वाक्यात लेखाचे नाव ठळक हवे. त्यासाठी शब्दाच्या आधी आणि नंतर एकेरी अवतरणचिन्ह तीन-तीन वेळा द्यावे. दोन-दोन वेळा दिले तर अक्षरे तिरपी होतात, पण तिरपी देवनागरी डोळ्यांना त्रास देते, म्हणून ती शक्यतो टाळावी असे माझे मत आहे. मथळ्यासाठी स्वतंत्र ओळीवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना बरोबरची दोन-दोन चिन्हे द्यायची. ‘मिरवणूक’ हा मथळा असा लिहिला आणि त्याखाली ‘काळी मारबत’, ‘पिवळी मारबत’, ‘बडगे’ हे उपमथळे तीन-तीन चिन्हांनी लिहिले, की या तिन्ही गोष्टी मिरवणुकीचा भाग आहेत हे वाचकाला आणि संगणकाला एकदमच कळते. मथळ्यांवरून अनुक्रमणिकाही आपोआप तयार होते. नुसती ठळक अक्षरे देऊन मथळ्याचा आभास निर्माण केला, तर यातले काहीच घडत नाही.

आता दुव्याकडे येऊ, कारण मराठीत लिहिणाऱ्याला खरे लक्ष येथे द्यावे लागते. ‘नागपूर’ हा शब्द दुहेरी चौकोनी कंसात घातला, की तो त्या नावाच्या लेखाशी जोडला जातो. पण आपल्या वाक्यात ‘नागपूर’ नेमके त्याच रूपात कितीदा येते? आपण ‘नागपुरात’ म्हणतो, ‘नागपूरची’ म्हणतो, ‘विदर्भातील’ म्हणतो. ‘नागपुरात’ हा शब्द जसाच्या तसा कंसात घातला तर संगणक त्या नावाचा लेख शोधतो, त्याला तो सापडत नाही आणि दुवा लाल दिसतो. यावर उपाय म्हणजे उभी रेघ. कंसाच्या आत आधी लेखाचे मूळ नाव ‘नागपूर’, मग उभी रेघ, मग वाक्यात हवे असलेले रूप ‘नागपुरात’, असे लिहावे. वाचकाला ‘नागपुरात’ दिसते आणि टिचकी मारल्यावर ‘नागपूर’ हा लेख उघडतो. विभक्तिप्रत्यय लागताना आपल्या भाषेत मूळ शब्दच बदलतो, त्यामुळे मराठी लेखकाला ही रेघ पदोपदी लागते. लेख खरोखरच लिहिला गेलेला नसेल तर मात्र लाल दुवा तसाच राहू द्यावा. तो पाहून दुसरा कोणीतरी तो लेख लिहायला घेतो.

एक अडचण कळफलकाची आहे. देवनागरी टंकनाच्या इनस्क्रिप्ट पद्धतीत चौकोनी कंसाच्या कळीवर ‘ड’ उमटतो, अवतरणचिन्हाच्या कळीवर ‘ट’ आणि बरोबरच्या कळीवर ऋकाराचे चिन्ह. म्हणून खुणा देताना तेवढ्यापुरता इंग्रजी कळफलक घ्यावा. काही भ्रमणध्वनी आणि लेखन-प्रणाली सरळ अवतरणचिन्हाचे आपोआप वळणदार चिन्ह करतात; विकीला ते ओळखता येत नाही आणि अक्षरे ठळक होत नाहीत.

यादीसाठी ओळीच्या सुरुवातीला तारा द्यावा, क्रमांकित यादीसाठी हॅशचे चिन्ह. नवा परिच्छेद हवा असेल तर मध्ये एक पूर्ण ओळ रिकामी सोडावी. ओळीच्या आरंभी चुकून एक मोकळी जागा राहिली, तर तो मजकूर वेगळ्याच चौकटीत जाऊन बसतो. नवशिक्यांना गोंधळात टाकणारी ही गोष्ट फार लहान आहे, ती जागा खोडली की काम होते.

संदर्भाला मात्र लहान समजू नये. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेचा सोहळा झाला, असे आपण लिहितो, तेव्हा त्या विधानाला लागूनच संदर्भाची खूण, म्हणजे टोकदार कंसातला ref हा शब्द, उघडून ग्रंथाचे नाव, लेखक आणि पृष्ठक्रमांक द्यावा आणि ती खूण बंद करावी. बंद करायचे राहिले तर पुढचा मजकूर बिघडतो. लेखाच्या शेवटी दुहेरी चौकोनी कंसात ‘वर्ग’, अपूर्णविराम आणि विषयाचे नाव लिहिले, की लेख त्या विषयाच्या इतर लेखांबरोबर सूचीत येतो.

सरावासाठी मराठी विकिपीडियावर ‘धूळपाटी’ नावाचे पान आहे. तेथे हवे ते लिहून पाहावे. प्रत्यक्ष लेखात बदल करताना जतन करण्याआधी झलक पाहावी आणि आपण काय बदलले ते सारांशाच्या चौकटीत एका ओळीत नोंदवावे. बदल चुकीचा ठरला तरी आधीची आवृत्ती पानाच्या इतिहासात सुरक्षित असते आणि ती परत आणता येते. शंका असेल तर लेखाच्या चर्चापानावर विचारावी; तेथे मजकुराच्या शेवटी लहरीसारखे चिन्ह चार वेळा दिले, की आपले सदस्यनाव आणि दिनांक-वेळ आपोआप उमटते.