आपल्या चारीला यंदा किती पाणी?

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा सरला की कालवा सल्लागार समितीच्या बैठका सुरू होतात. धरणात साठा किती, पिण्यासाठी किती राखायचा, रब्बीला आवर्तनं, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या किती, उन्हाळी एखादं निघेल का, हे तिथं ठरतं. पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारून बघा. आवर्तनाची तारीख त्याला कळते, आपल्या चारीला, म्हणजे कालव्यातून शेताकडे येणाऱ्या फाट्याला, पाणी किती मिळणार हे कळत नाही. मग गहू पेरायचा की हरभऱ्यावर भागवायचं, हे तो अंदाजानं ठरवतो. हेडचा, कालव्याच्या तोंडाजवळचा ऊसवाला तेवढा निर्धास्त. हा अंदाज दुसऱ्या खोऱ्यांत कसा कमी केला, ते आज थोडं पाहू.

ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नावाचं खोरं आहे, क्षेत्रफळ दहा लाख चौरस किलोमीटरच्या वर. तिथली राज्यं पाण्यासाठी आपल्यासारखीच भांडत आली. नद्या आटायला लागल्या तेव्हा १९९५ साली त्यांनी नदीतून पाणी उचलण्यावर मर्यादा घातली: १९९३-९४ मध्ये सिंचनाचा जेवढा पसारा होता, त्याला लागेल तेवढंच पाणी घ्यायचं, पुढे वाढ नाही. तिथं शेतकऱ्याकडे असतो तो पाण्यातला हिस्सा. वर्ष सुरू होताना सरकार जाहीर करतं, यंदा हिश्श्याच्या इतके टक्के मिळतील. पुढे पाऊस झाला तर टक्के वाढवतात. न्यू साउथ वेल्समध्ये हिश्श्यांचे दोन प्रकार आहेत. द्राक्षं, संत्री अशा कायमच्या बागांना खात्रीचा हक्क. भात-कापसासारख्या हंगामी पिकांना साधारण हक्क. दुष्काळात पहिली कात्री साधारण हक्काला लागते. शून्य टक्क्यांनी वर्ष सुरू झाल्याचेही प्रसंग आहेत. शून्य ऐकायला कोणाला आवडेल? पण भाताचं बी मातीत जाण्याआधी ते शून्य कळतं.

त्यांचं सगळंच उचलावं असं मात्र मी म्हणणार नाही. तिथं पाणी जमिनीपासून वेगळं करून बाजारात विकता येतं. दोन-तीन एकरवाल्यांच्या आपल्या लाभक्षेत्रात असा बाजार भरला तर पाणी कोणाच्या दारात जाईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. शिवाय डार्लिंगच्या वरच्या भागात बड्या कापूसवाल्यांच्या पंपांवर धड मीटर नव्हते, आणि २०१७ मध्ये ते चव्हाट्यावर आलं. मोजमाप नसेल तर टक्के नुसते कागदावर राहतात.

तुटीचं गणित आपल्याकडेही जुनं आहे, त्यासाठी समुद्र ओलांडायला नको. धुळ्याकडे पांझरा नदीवर बंधारे बांधून काही शतकं फड पद्धत चालली. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि गावच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे फड पाडलेले असतात. एका फडात एकच पीक: कुठं ऊस, कुठं गहू, कुठं भुसार, आणि दरवर्षी त्यांची अदलाबदल. खुबी पुढे आहे. बहुतेक शेतकऱ्यांची पट्टी प्रत्येक फडात असते. नदीला पाणी कमी असलं की पंच हंगामाआधीच सांगतात, यंदा अमुक फड भिजणार नाही. त्या फडात सगळ्यांचीच पट्टी, त्यामुळे तोटाही सगळ्यांच्या वाट्याला येतो. पाणी धरायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्यानं आपल्या हातानं बारं फोडायचं, म्हणजे पाटाचं पाणी शेतात वळवायचं नाही, मग तो कितीही मातबर असो. राखणीला जागल्या, त्याच्यावर हवालदार. वर धरणं झाली, विहिरी वाढल्या, तसे बरेच फड मोडले. पण तुटीच्या वर्षाचा असा चोख हिशोब मला आजच्या कालव्यांवर फारसा दिसत नाही.

फारसा म्हणालो, कारण वाघाड आहे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातलं हे धरण. त्याच्या कालव्याचं टेल ओझरला, आणि तिथं पाणी पोचायची मारामार. १९९०च्या सुमारास बापू उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी तिथं शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. सुरुवात टेलकडून झाली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. हेडवाल्याला पाणी मिळतच असतं, तो संस्था कशाला काढील? संस्थांनी पाणी मोजून घेतलं आणि पाणीपट्टी घनमापावर, जेवढं पाणी तेवढी भरली. कोटा ठरलेला, मग पीक कोणतं घ्यायचं ते शेतकऱ्याच्या मर्जीवर. कोट्यातलं पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरल्या आणि त्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पुढे सगळ्या प्रकल्पावर मिळून २४ संस्था झाल्या.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २००५ साली राज्यानं दोन कायदे केले. एकानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, दुसऱ्यानं पाणीवापर संस्थांना मोजून पाणी मिळण्याचा हक्क आला. गोदावरी खोऱ्यात समन्यायी वाटपाचा नियम लागू झाला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. त्यावर मोर्चे निघतात, कोर्टबाजी होते, पण आकडा आणि तारीख सगळ्यांना तोंडपाठ आहे. माझं म्हणणं इतकंच, की धरणा-धरणांत जे केलं ते कालव्याच्या पोटातही करा. पैठणला जायकवाडीत वरून पाणी आलं, म्हणून डाव्या कालव्याच्या शेवटच्या चारीला ते पोचेलच असं नाही.

तेव्हा श्रोतेहो, यंदा आपल्या भागातली बैठक झाली की आवर्तनाची तारीख विचारून घरी परतू नका. आमच्या चारीच्या तोंडाशी किती घनमीटर सोडणार, ते कोण मोजणार आणि तूट आली तर कोणाचं किती कापणार, हे तीन प्रश्न संस्थेच्या लेटरहेडवर लिहून शाखा अभियंत्याकडे द्या आणि पोच घ्या. संस्था नसेल तर चारीवरच्या सगळ्यांनी सह्या करून द्या, आणि पहिली सही टेलवाल्याची असू द्या.

नमस्कार.