आचऱ्याच्या पडवीत गुप्तहेर

(दृश्य: मे महिन्यातली सकाळ. चिऱ्याच्या घराचं अंगण. सुपांत आमसुलं, शेजारी चटईवर ओळीनं मांडलेली रेकॉर्डची कव्हरं.)

मे महिना सरत आलाय. मालवणजवळच्या आचऱ्याच्या खाडीवरून दमट वारं येतंय आणि आमच्या अंगणात दोन वाळवणं पडली आहेत. सुपांमध्ये आमसुलं. त्यांच्या बाजूला, जुन्या चटईवर, रेकॉर्डची रिकामी कव्हरं. एकावर पिस्तूल रोखलेला कोटातला माणूस, एकावर अंगभर सोनेरी रंग माखलेली बाई.

आमसुलांना कडक ऊन लागतं. कव्हरांना फक्त कोवळं चालतं, तेही दहा वाजायच्या आत. नाहीतर रंग उडतो. रेकॉर्डला मात्र ऊन अजिबात दाखवायचं नाही. त्या आत माजघरात, फणसाच्या फळ्यांच्या कपाटात उभ्या आहेत. आडव्या रचल्या की एकमेकींच्या वजनानं बाक येतो, आणि मग सुई वाऱ्यात सापडलेल्या होडीसारखी हेलकावे खाते.

हा संग्रह माझ्या काकांनी सुरू केला. काका मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला होते. आमच्या किनाऱ्यावर ही काही नवलाची गोष्ट नाही. इथल्या कितीतरी घरांत एक माणूस मुंबईत आणि एक माणूस बोटीवर. सुट्टीवर येताना कुणी घड्याळ आणायचं, कुणी ट्रान्झिस्टर. काका सिनेमाच्या रेकॉर्डी आणायचे. त्यातही गुप्तहेरांच्या सिनेमांच्या.

आमच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती. बॅटरीवर चालणारा, झाकण उघडलं की त्यातच कर्णा असलेला एक पेटीवजा प्लेअर होता. सिनेमा म्हणजे वर्षातून एकदा जत्रेला येणारा तंबू, आणि त्यात इंग्रजी सिनेमा कुठून येणार? म्हणून पडवीत सगळी जमली की काका आधी गोष्ट सांगायचे. कोण कुणाच्या मागावर आहे, बोट कुठे बुडाली, बाई कुणाच्या बाजूची. मग सुई ठेवायचे आणि गप्प बसायचे. पुढचा सिनेमा ज्यानं त्यानं आपापल्या डोळ्यांपुढे बघायचा. माझी आजी सांगायची, तिच्या मनातला जेम्स बॉन्ड छत्री घेऊन साकवावरून चालायचा. आणि ते संगीत ऐकताना मला आजही साकवच दिसतो. खाली काळं पाणी, पलीकडे अंधार.

मी सहा-सात वर्षांची असताना काकांनी पहिल्यांदा माझ्या हातात रेकॉर्ड दिली. म्हणाले, "आधी हात पूस गो. आणि काठार धर, पोटाक हात लावू नको." मी अजून तशीच धरते.

(ध्वनी: सुई टेकल्याचा आवाज, हलकी खरखर.)

ही ती पहिली रेकॉर्ड. 'डॉक्टर नो'. सिनेमा १९६२ चा, जेम्स बॉन्डच्या मालिकेतला पहिला. गंमत अशी, की या रेकॉर्डवर गुप्तहेरगिरीचं संगीत फार थोडं आहे. सिनेमा जमैकात घडतो. संगीतकार मॉन्टी नॉर्मन तिथं गेले आणि तिथल्या चाली, तिथला ठेका घेऊन आले. त्यामुळे रेकॉर्डवर बेटावरची गाणीच जास्त. पुष्कळ संग्राहकांना ते आवडत नाही. माझ्या मते याच कारणासाठी ती घरात असायला हवी. त्यात 'अंडर द मँगो ट्री' नावाचं गाणं आहे. आंब्याच्या झाडाखाली! समुद्रातून बाहेर येणारी नायिका सिनेमात हेच गाणं गुणगुणते, आवाज डायना कूपलँडचा. देवगडपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसांना याहून वेगळं काय हवं? आमच्याकडे ते गाणं कलमांच्या राखणीला वाजायचं.

आणि याच रेकॉर्डवर ती धून. सगळ्या जगाला पाठ असलेली.

तिचा उगम मला फार उशिरा कळला आणि कळला तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी १९६१ ची. त्रिनिदादमध्ये ऊसमळ्यांवर मजुरीला नेलेल्या भारतीयांच्या घरातली गोष्ट. त्या कादंबरीवर एक संगीत नाटक करायचं चाललं होतं आणि नॉर्मन यांनी त्यासाठी एक गाणं बांधलं होतं, 'बॅड साइन, गुड साइन'. शकुन-अपशकुनाचं गाणं. कादंबरीतला बिस्वास पायाळू जन्मतो आणि पंडित सांगतो, याची शिंक अपशकुनी असेल. गाणं त्या शिंकेवरच आहे. चाल भारतीय वळणाची. नाटक काही रंगभूमीवर आलं नाही, चाल खणात पडून राहिली. बॉन्डसाठी धून हवी होती तेव्हा नॉर्मन यांनी ती बाहेर काढली, सूर तोडून तोडून, सतारीऐवजी गिटारवर ठेवली.

पायाळू आणि शिंक. आमच्या घरात आजही कुणी बाहेर निघताना शिंक आली तर माणूस परत फिरतो, पाणी पितो, मग निघतो. जगातल्या सगळ्यात ऐटबाज गुप्तहेराच्या पाठीशी आपल्या ओसरीवरची शिंक उभी आहे, हे काकांना कळायला हवं होतं. ते तोवर राहिले नव्हते.

ती धून आज ज्या रूपात आपण ऐकतो ते रूप जॉन बॅरी यांनी दिलं. २१ जून १९६२ ला लंडनमध्ये ध्वनिमुद्रण झालं, गिटार विक फ्लिक यांनी वाजवली. पुढे धून नक्की कुणाची यावरून वाद पेटला. ती बॅरींची आहे असं छापणाऱ्या वर्तमानपत्रावर नॉर्मन यांनी बदनामीचा दावा लावला आणि २००१ मध्ये तो जिंकला. त्यांना ३०,००० पौंड मिळाले. मी ही रेकॉर्ड शेकडो वेळा ऐकली आहे. चाल नॉर्मन यांची, चालण्याची ढब बॅरींची. मला तरी एवढंच ऐकू येतं.

(दृश्य: कपाटातून एकेक रेकॉर्ड बाहेर येते.)

'फ्रॉम रशिया विथ लव्ह', १९६३. शीर्षकगीत मॅट मन्रो यांचं. मऊ, शांत आवाज. या मन्रोंना काका 'रशियावालो' म्हणायचे. 'गोल्डफिंगर', १९६४. शर्ली बॅसी. १९६५ मध्ये ही रेकॉर्ड अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती, तेही बीटल्सच्या भरात. ही 'द इप्क्रेस फाइल', १९६५. संगीत पुन्हा बॅरींचंच, पण यात ऐट नाही. चष्मा लावणारा, स्वतःची कॉफी स्वतः करणारा सरकारी नोकर, त्याच्या मागे एक काड्यांनी वाजवायचं तंतुवाद्य. सिम्बलोम त्याचं नाव, आपल्या संतूरच्या कुळातलं. रात्री पावसात ही लावून बघा. पागोळ्यांचा आवाज आणि ते वाद्य वेगळं करता येत नाही.

ही मात्र सिनेमाची नाही, टीव्ही मालिकेची. 'मिशन इम्पॉसिबल'. मालिका १९६६ ची, संगीत लालो शिफ्रिन यांचं. हिची एक आठवण आहे. आमच्या भजनी मंडळातले एक पखवाजवाले एकदा पडवीत टेकले होते. मी ही लावली. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं चालवली. पहिल्या आवर्तनाला चुकले, दुसऱ्याला चुकले. तिसऱ्याला हात वर करून म्हणाले, "दहा मात्रे असत. पण आपलो झपताल न्हय हो."

बरोबर होतं त्यांचं. झपताल दोन-तीन-दोन-तीन. हा तीन-तीन-दोन-दोन. म्हणून पाय अडखळतो, आणि अडखळतो म्हणून काळजाचा ठोका चुकतो. पाश्चात्त्य लिपीत याला पाच-चारचा ताल म्हणतात. मी त्यावर बरंच काही वाचलं होतं, पण त्या दिवशी त्यांच्या मांडीवरच्या बोटांनी मला तो कळला.

काकांचा ओढा विदेशी रेकॉर्डींकडे. आपल्याकडच्या मी जमवल्या, मुंबईच्या चोर बाजारातून, भंगारवाल्यांकडून, आणि घर मोडताना माळ्यावरून निघालेल्या ट्रंकांतून. 'फर्ज', १९६७. जितेंद्र एजंट ११६. नायिकेच्या वाढदिवसाचं ते गाणं, 'बार बार दिन ये आये', जे आज गल्लोगल्ली केक कापताना वाजतं, ते या गुप्तहेराच्या सिनेमातलं आहे. सांगितलं तर माणसं विश्वास ठेवत नाहीत. मी रेकॉर्ड काढून दाखवते. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. लक्ष्मीकांत यांचं आडनाव कुडाळकर. कुडाळ इथून तासा-दीड तासावर. आणि प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे, जे गोव्यातल्या माजोर्ड्याचे. म्हणजे मुंबईच्या स्टुडिओत त्या व्हायोलिनच्या सुरांनी गुप्तहेर पळत होता, तेव्हा त्याच्या मागे हाच किनारा होता.

१९६८ चा 'आँखें', संगीत रवी यांचं. १९७७ चा 'एजंट विनोद', संगीत रामलक्ष्मण यांचं, म्हणजे विजय पाटील, आपले नागपूरचे, दादा कोंडक्यांच्या सिनेमांतून पुढे आलेले. ही सगळी माझ्याकडे आहेत. पण एक खंत आहे आणि ती मोठी आहे. आपल्या रेकॉर्डवर गाणी असायची, पार्श्वसंगीत क्वचितच. पाठलागाचं, दबक्या पावलांचं, तिजोरी उघडतानाचं जे संगीत पन्नास-पन्नास वादकांनी बसून वाजवलं, ते पडद्यावरच राहिलं. त्यातले किती वादक गोव्याचे होते! त्यांचं वाजवणं हातात धरता येईल अशी वस्तू उरली नाही. म्हणून कुठे एखाद्या ईपीवर, म्हणजे छोट्या रेकॉर्डवर, दोन मिनिटांचं शीर्षकसंगीत सापडलं की मी भाव करत बसत नाही.

(दृश्य: माजघर. पाण्याची बाटली, मऊ फडकं, ओली होत असलेली रेकॉर्ड.)

कोकणात रेकॉर्ड सांभाळायची म्हणजे चार महिने पावसाशी भांडण. बुरशी लागते. ती प्लास्टिकला खात नाही. ती बोटांच्या तेलावर, धुळीवर, कव्हरच्या कागदावर आणि खळीवर जगते. तरी खाचेत बसली की आवाजात तडतड येतेच. मी डिस्टिल्ड वॉटर वापरते, गॅरेजवाले बॅटरीत घालतात ते. विहिरीचं पाणी नको, सुकल्यावर क्षार मागे राहतात. त्यात द्रव साबणाचे दोन-तीन थेंब. फडकं खाचेच्या दिशेनं, गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही. मधल्या लेबलवर पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. मग नुसत्या पाण्यानं पुसून सावलीत उभी करायची. स्पिरिट घरात असलं तरी जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना ते दाखवूसुद्धा नका. त्या लाखेच्या असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एक तबकडी मी अशी घालवली आहे.

जून लागला की कव्हरं पत्र्याच्या ट्रंकेत. बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या मी वर्षभर जमवते आणि कोपऱ्याकोपऱ्यात ठेवते. तव्यावर मंद शेकल्या की पुन्हा कामाला येतात.

आता ते कव्हर, जे मी सगळ्यात शेवटी उन्हातून उचलते.

(दृश्य: मुरगाव बंदर, संध्याकाळ.)

त्याआधी मुरगाव. १९४३ च्या मार्चमध्ये या बंदरात एक खराखुरा गुप्तहेरी हल्ला झाला होता. गोवा पोर्तुगिजांचा, युद्धात तटस्थ. त्या आडोशाला जर्मन बोटी नांगर टाकून होत्या. त्यातल्या 'एहरनफेल्स'वरून बिनतारी संदेश जात आणि दोस्तांच्या बोटींवर पाणबुड्या तुटून पडत. कलकत्त्याचे मध्यमवयीन इंग्रज, हौशी घोडदळातले, एका गाळ काढायच्या जुन्या बार्जवरून इथवर आले आणि रात्रीत त्यांनी त्या बोटीचा निकाल लावला. कित्येक वर्षं हे गुपित राहिलं. १९८० मध्ये त्यावर 'द सी वुल्व्ह्ज' निघाला, चित्रीकरण गोव्यात. सिनेमात तेव्हाचे जेम्स बॉन्ड रॉजर मूर होते, संगीत रॉय बड यांचं, आणि गाणं गायले मॅट मन्रो. काका थिएटरात बघून आले. रात्री उशिरा घरी पोचले, चप्पल काढायच्या आधी मला हाक मारली, "ह्यो तोच गो, रशियावालो! आपल्या मुरगावाक इलो!"

तर ते कव्हर. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस', १९६९. संगीत जॉन बॅरी. यात लुई आर्मस्ट्राँग यांचं एक गाणं आहे, आपल्याकडे सगळा वेळ आहे असं सांगणारं. गायले तेव्हा ते आजारी होते, दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, गेले. काकांची ही सगळ्यात लाडकी रेकॉर्ड. एका गणपतीत कुणीतरी वाजवायला मागून नेली. कव्हर घरीच राहिलं, रेकॉर्ड परत आली नाही. काकांनी कुणाचं नाव घेतलं नाही. कव्हर मात्र दर मे महिन्यात वाळवायला काढत राहिले.

दुसरी प्रत मला विकत मिळेल. दोनदा मिळालीही होती, मी घेतली नाही. मला काकांचीच ती हवी आहे. युनायटेड आर्टिस्ट्सचं लेबल, आणि पहिल्या बाजूच्या लेबलवर, मधल्या भोकाजवळ, निळ्या शाईत काकांनी काढलेला छोटा नांगर. आचरा, तोंडवळी, हडी, मसुरे, या पट्ट्यात तुमच्या माळ्यावर कव्हर नसलेली एखादी रेकॉर्ड असेल तर एकदा पुसून बघा. पुसताना काठाला धरा.