थकलेल्या हृदयाची बिघडलेली लय

श्रोतेहो, नमस्कार. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू न शकणं. अशा रुग्णाला धाप किती लागते, पायांवर सूज आहे का, वजन वाढलं का, हे घरचे रोज विचारतात. नाडी एका लयीत चालते का, हे मात्र क्वचितच कुणी पाहतं. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

या रुग्णांमध्ये वारंवार दिसणारा लयदोष म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. एरवी ते प्रत्येक ठोक्याच्या आधी उरलंसुरलं रक्त खालच्या कप्प्यांत ढकलतात. खालचे कप्पे भरण्यात या ढकलण्याचा वाटा साधारण 20 ते 30 टक्के. धडधाकट माणसाला त्याची उणीव फारशी जाणवत नाही. पण हृदय आधीच अशक्त किंवा ताठर असेल, तर कालपर्यंत जमणारा जिना आज जमत नाही. त्यात ठोके वेगाने पडू लागले की हृदयाला भरायलाही उसंत मिळत नाही. वेग असाच आठवडे-महिने राहिला तर स्नायू आणखी खचतो. दिलासा एवढाच, की वेळीच आवर घातला तर ही झीज पुष्कळदा भरून येते.

थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका सुमारे 5 पट. इथे ॲस्पिरिनवर भागत नाही, रक्त पातळ करणारं औषध लागतं. आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ते परस्पर बंद करणं मला सर्वांत घातक वाटतं.

मग लय पूर्ववत केली तर आयुष्य वाढतं का? 2008 साली 1376 रुग्णांवरच्या एएफ-सीएचएफ अभ्यासाने निराशा केली: औषधांनी लय राखली काय नि नुसता वेग आवरला काय, हृदयविकाराने होणारे मृत्यू सारखेच. 2018 च्या कॅसल-एएफ अभ्यासात कॅथेटर ॲब्लेशन, म्हणजे नळी घालून दोषी भाग निकामी करणं, वापरलं. तिथे मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावून भरती होण्याचं प्रमाण 44.6 वरून 28.5 टक्क्यांवर आलं. रुग्ण मात्र निवडक, जेमतेम 363. त्यामुळे प्रत्येकाने ॲब्लेशनचा आग्रह धरावा असं नाही, पण डॉक्टरांना जरूर विचारावं.

खालच्या कप्प्यांतून उठणारे लयदोष वेगळे. त्यांनी अचानक मृत्यू येऊ शकतो, म्हणून काहींना आयसीडी, म्हणजे घातक लय ओळखून विजेच्या झटक्याने ती थांबवणारं छोटं यंत्र, बसवतात.

नाडी पाहताना अंगठा नको, दोन बोटं मनगटावर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके वेडेवाकडे वाटले तर ईसीजी काढून घ्या. सोबत भोवळ किंवा छातीत दुखणं असेल तर थेट रुग्णालय गाठा.