कॉफीचा चोथा: कुंडीत नको, बादलीत

(पितळी फिल्टर, जवळून)

फिल्टरचा वरचा डबा उलटा करून ओट्यावर आपटला, की चोथा अख्ख्या वडीसारखा बाहेर पडतो. नेरुळच्या या घरात तो बाल्कनीत जातो, पण कुंडीत नाही. शेजारच्या बादलीत.

गुलाबाला कॉफी घाला, माती आम्लधर्मी होते, असं आपण ऐकत आलोय. पण बरीचशी आम्लता पाण्यात उतरते आणि ती आपण पिऊन टाकतो. उरलेल्या चोथ्याचा सामू, म्हणजे pH, बहुधा ६.५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ उदासीन. नायट्रोजन असतो, साधारण २ टक्के. तोही झाडाला लगेच मिळत नाही. आधी जिवाणू चोथा कुजवणार, आणि त्यासाठी मातीतलाच नायट्रोजन ओढणार. शिवाय थोडं कॅफीन उरतं, ते कोवळ्या रोपांना सोसत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मेलबर्नच्या प्रयोगात ताजा चोथा थेट मातीत मिसळला, तर ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल, सगळ्यांचीच वाढ खुरटली. तेव्हा मेथी-कोथिंबिरीच्या कुंडीत तर अजिबात नको.

(वाळलेला थर, वरून पाण्याची धार)

हे बघा. कण इतके बारीक, की वाळल्यावर पापुद्रा धरतो. पाणी कडेने निसटून बशीत आणि मुळं कोरडीच. पावसाळ्यात याच थरावर पांढरी बुरशी चढते.

इन्स्टंट कॉफीवाल्यांनी व्हिडिओ इथे थांबवला तरी चालेल, त्यांच्याकडे चोथा उरतच नाही. फिल्टरवाल्यांची मात्र सोय आहे: डिकॉक्शनच्या, म्हणजे फिल्टरमधून उतरणाऱ्या कोऱ्या अर्काच्या, चोथ्याला दूध-साखर लागलेली नसते. चहाचा धुवावा लागतो, नाहीतर मुंग्या.

(बादली)

बुडाला भोकं पाडलेली जुनी बादली. चोथा दिसायला तपकिरी, पण कंपोस्टच्या हिशेबात तो भाजीच्या देठांसारखा ओला माल. जोडीला सुका माल हवाच: वाळका पाला, फाडलेले अंड्यांचे ट्रे. सोसायटीत पाला रोज झाडून पोत्यात भरतातच, वॉचमनकाकांना सांगितलं की एक पोतं बाजूला राहतं. एकूण मालात चोथा पाचव्या हिश्शाच्या आतच. मूठ दाबली तर ओल लागावी, पाणी ठिबकू नये. अधूनमधून ढवळायचं. काही महिन्यांत चोथा ओळखू येईनासा होतो.

मग कढीपत्त्याच्या बुंध्यापासून चार बोटं लांब माती उकरायची, दोन मुठी खत घालायचं, वरून माती ओढून पाणी.