रेडफर्नचा लाल-हिरवा संघ

नमस्कार मंडळी.

आपला माणूस सिडनीत कितीही वर्षं राहिला तरी उन्हाळ्यात एससीजीवर (सिडनी क्रिकेट ग्राउंड) आणि हिवाळ्यात सोफ्यावर. म्हणून आज क्रिकेट नाही. आज रग्बी लीग, आणि तीही एकाच क्लबची: साउथ सिडनी रॅबिटोज.

या खेळाचा जन्मच मजुरीच्या भांडणातून झाला. इंग्लंडच्या उत्तरेतला खाणकामगार, गिरणीकामगार शनिवारी खेळायला गेला की त्याचा खाडा पडायचा. तो खाडा भरून द्यायला तिथले क्लब तयार होते, रग्बीचा कारभार पाहणारी वरची मंडळी नव्हती. १८९५ मध्ये रग्बीत फाटाफूट झाली आणि रग्बी लीग वेगळी झाली. ज्यांचे आजोबा परळ-लालबागला होते त्यांना हे जास्त समजावायला नको. सिडनीतही तोच प्रश्न आला. १७ जानेवारी १९०८ रोजी सिडनीच्या रेडफर्न भागातल्या टाउन हॉलमध्ये साउथ्सची, म्हणजे आपल्या साउथ सिडनीची, स्थापना झाली. शेजारी ईव्हली रेल्वे वर्कशॉप, भोवती कामगार वस्ती. पहिल्याच हंगामात संघ विजेता.

दुसऱ्या वर्षीचं विजेतेपद मात्र मजेशीर आहे. १९०९ ची फायनल दुसऱ्या मोठ्या सामन्याआधीचा किरकोळ सामना म्हणून ठेवली, याचा निषेध म्हणून समोरचा सिडनीचाच संघ बालमेन मैदानात उतरलाच नाही. साउथ्सने समोर कोणी नसताना चेंडू मारला, स्वतःच उचलला, ट्राय केला (म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले) आणि चषक घेतला. ‘दोघांनीही खेळायचं नाही असं ठरलं होतं,’ ही बालमेनची तक्रार. खरं-खोटं देव जाणे, पण बालमेनच्या जुन्या लोकांसमोर हा विषय काढू नका.

१९५५ मध्ये साउथ्सच्या क्लाइव्ह चर्चिलने मोडक्या हाताने मॅन्ली या सिडनीच्याच संघाविरुद्ध सीमारेषेजवळून गोल मारून सामना जिंकून दिला आणि बुडालेला हंगाम विजेतेपदापर्यंत गेला. पण मला खरी ओढ १९७० च्या फायनलची. समोर पुन्हा मॅन्ली. सुरुवातीच्या काही मिनिटांतच कप्तान जॉन सॅटलरचा जबडा एका ठोशाने मोडला, तोही दोन ठिकाणी. त्याने शेजारच्याला सांगितलं, मला धरून उभा कर, त्यांना कळता कामा नये. बाकीचा जवळजवळ पूर्ण सामना तो तसाच खेळला. त्याच सामन्यात एरिक सिम्स या आदिवासी खेळाडूने चार फील्ड गोल मारले (खेळ चालू असताना चेंडूचा टप्पा पाडून तो खांबांमधून मारणं). तेव्हा एका फील्ड गोलला दोन गुण मिळत. पुढच्याच वर्षी एक झाला. त्यात सिम्सचा वाटा मोठा. निकाल २३-१२. सॅटलर चषक घेऊन, भाषण करून मग हॉस्पिटलात गेला.

१९७१ ला पुन्हा विजेतेपद. मग दुष्काळ.

आता खरा विषय. नव्वदच्या दशकात टीव्हीच्या हक्कांवरून या खेळात दोन तट पडले. समेट झाला तेव्हा अट ठरली की २००० साली फक्त चौदा संघ राहतील. बालमेन, वेस्ट्स, नॉर्थ सिडनी, मॅन्ली यांनी शेजाऱ्यांशी संसार मांडला. साउथ्सने विलीन व्हायला नकार दिला, आणि १९९९ च्या ऑक्टोबरात स्थापनेपासूनच्या या क्लबला यादीतून काढून टाकलं. अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स हा त्यांचाच जुना खेळाडू. त्याने कोर्ट गाठलं, लोकांनी रस्ता. नोव्हेंबर २००० मधल्या मोर्चात ऐंशी हजारांच्या आसपास लोक होते असं सांगतात. खेळायला संघच नाही, तरी लाल-हिरव्या जर्सीत माणसं चालत होती.

जुलै २००१ मध्ये फेडरल कोर्टात अपील जिंकलं, २००२ मध्ये संघ मैदानात परतला. गंमत पुढे आहे. २००३ मध्ये हायकोर्टाने तो निकाल फिरवला! इथलं हायकोर्ट म्हणजे देशातलं सर्वोच्च. म्हणजे कायद्याने साउथ्स शेवटी हरले. पण तोवर संघ दोन हंगाम खेळत होता. त्याला पुन्हा बाहेर काढायची हिंमत कोण करणार?

परतले, पण हरतच राहिले. २००६ मध्ये नट रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स-अ-कोर्ट यांनी क्लबचा पंचाहत्तर टक्के हिस्सा घेतला. सभासदांचं मतदान काठावर पार पडलं, आणि विक्रीला विरोध करणाऱ्यांत आघाडीवर होते खुद्द पिगिन्स. मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्यांनी मोर्चे काढले त्यांच्या हातातून क्लब नटाच्या हातात गेला, हे आजही खटकतं. तरी पैसा आला नसता तर २०१४ उजाडलं नसतं, हेही नाकारता येत नाही.

त्या वर्षी ५ ऑक्टोबरला होमबुशला ८३,८३३ प्रेक्षकांसमोर फायनल झाली. पहिल्याच टक्करीत साउथ्सच्या सॅम बर्जेसच्या गालाचं हाड मोडलं. तो ऐंशी मिनिटं खेळला. सॅटलरची आठवण कोणाला झाली नसेल? कॅन्टरबरीचा ३०-६ असा पराभव झाला, त्रेचाळीस वर्षांनी चषक आला, आणि सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक बर्जेसला मिळालं.

मार्चमध्ये हंगाम सुरू होतो. सामन्याला एकत्र जायचा विचार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा. मुलांना जरूर आणा. आणि मॅन्लीचे समर्थक कोणी असाल, तर तुम्हीही या, फक्त वेगळ्या रांगेत बसा.