शेजारची सीट

नमस्कार, श्रोतेहो. पुण्यात हडपसरला विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोराने ओढला जाऊन वर चढणारा ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आज ज्या विमानाविषयी मी बोलणार आहे, त्याला तो दोर लागत नाही. झेनॉस हे त्याचे नाव, आणि घरी जोडून ते बांधता यावे म्हणून त्याचे सुटे भाग पुरवणारी सोनेक्स ही कंपनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश या गावी आहे. शेजारीशेजारी दोन सीट, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे 14 मीटर पंख. इंजिनावर उड्डाण करायचे, उंची गाठली की इंजिन बंद करायचे आणि तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने तरंगत राहायचे.

अमेरिकेच्या नियमानुसार अशा घरी बांधलेल्या विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे लागते. निम्म्याहून अधिक, श्रोतेहो, आणि स्वतःच्या हातांनी. आपल्या शाळांतून कानस आणि करवत हद्दपार झाली, याचे मला फार वाईट वाटते.

विस्कॉन्सिनमध्ये राहणारे माझे एक परिचित, निवृत्त मराठी इंजिनिअर, आपल्या गॅरेजमध्ये हे विमान बांधत होते. मी त्यांना काका म्हणतो. एका हिवाळ्यात दर शनिवारी मी त्यांच्या मदतीला जात असे. पत्र्याला भोक पाडायचे, भोकाच्या कडेची बर, म्हणजे तिथे उरलेली धारदार कोर, काढायची, बोट फिरवून पाहायचे आणि मगच पुढच्या भोकाकडे वळायचे, असा आमचा क्रम ठरलेला होता.

एका शनिवारी पंखातील एका पट्टीला भोक पाडताना मी आधी पंच मारायला, म्हणजे ड्रिलचे टोक टेकवण्यासाठी बारीक खळगा पाडायला, विसरलो. ड्रिल सरकले आणि भोक कडेच्या फार जवळ पडले. भोकाचा मध्य कडेपासून रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीच्या, व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर असावा लागतो. आमची रिव्हेट सुमारे 3 मिलिमीटरची, म्हणजे कडेपर्यंत 6 मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर हवे होते. काकांनी व्हर्नियर लावून मोजले, तर अंतर जेमतेम 4 मिलिमीटर भरले. हजारो रिव्हेटांपैकी ही एकच, शिवाय वरून पत्रा बसल्यावर ती कोणाला दिसणारही नाही, असे मी म्हणालो.

काकांनी व्हर्नियर पुसून पेटीत ठेवला आणि म्हणाले, "अरे, शेजारच्या सीटवर तुझ्या काकू बसणार आहेत."

त्याच संध्याकाळी त्यांनी नवी पट्टी मागवली. ती येईपर्यंत तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस पंख तसाच उघडा राहिला. पुन्हा सांगतो, एका भोकासाठी तीन आठवडे.

विमान पूर्ण झाल्यावरही चाचणी उड्डाणांचे ठरलेले तास संपेपर्यंत त्यात प्रवासी नेता येत नाही. त्यामुळे काका आधी अनेक दिवस एकटेच उडाले. पुढे एका सकाळी काकू आपला स्वेटर सावरत त्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि मी धावपट्टीच्या कडेला उभा राहिलो. विमान वर चढत गेले, लहान होत गेले आणि मग इंजिनाचा आवाज थांबला. पाऊण तास ते लांब पंख माझ्या डोक्यावर गोल गोल फिरत होते.