उपवास आजींचा, काळजी घराची

नमस्कार, श्रोते हो. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास म्हणजे आपल्याकडे उपवासांचा हंगाम. एकादश्या, श्रावणी सोमवार, संकष्टी, हरितालिका आणि नवरात्र अशी रांगच लागते. या काळात अनेक घरांत एक वाद ठरलेला असतो. मधुमेह असलेल्या आजी एकादशी धरणारच म्हणतात, मुलगा किंवा सून ‘या वयात हे कशाला?’ म्हणून रागावतात, आणि मग आजी कोणाला न सांगता उपवास करतात. माझ्या मते खरा धोका या न सांगण्यात आहे.

रागावण्यापेक्षा आजींशी त्यांच्याच श्रद्धेच्या आधाराने बोलणे अधिक उपयोगी पडते, आणि तो आधार भक्कम आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी 1790 मध्ये रचलेला ‘धर्मसिंधु’ हा व्रतवैकल्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात प्रमाण मानला जाणारा ग्रंथ आहे. एकादशीचा अधिकार त्यात आठ वर्षांच्या पुढे आणि ऐंशी वर्षांपर्यंत सांगितला आहे. ज्याला निराहार राहणे झेपत नाही त्याने फळे किंवा दूध घेऊन व्रत करावे, ही सोय शास्त्रकारांनी पूर्वीच करून ठेवली आहे. अशक्त माणसाच्या वतीने घरातल्या दुसऱ्याने उपवास करण्याचीही मुभा आहे. ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे जुने वचन आहे, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर औषधही येते. तेव्हा ‘गोळी घेतली की उपवास मोडतो’ ही समजूत शास्त्राच्या नावावर खपवता येणार नाही.

आता शरीराचे बोलू. इन्शुलिन किंवा साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि पोटात अन्न गेले नाही, तर रक्तातील साखर वेगाने उतरते. दरदरून घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची लक्षणे आहेत. साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल, तर माणूस शुद्धीवर असताना तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी, आणि तो उपवास तिथेच सोडावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. उलट, गोळी चुकवून दिवसभर साबुदाणा खाल्ला तर साखर चढते. म्हणून चातुर्मास सुरू होण्याआधीच डॉक्टरांना उपवासाचे वार सांगावेत आणि त्या दिवशीच्या मात्रा विचारून घ्याव्यात. रक्तदाबाच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रचलेली नाही. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे कॅलरी, आणि प्रथिने एक ग्रॅमही नाहीत. खिचडीत जी काही ताकद येते ती शेंगदाण्यांमुळे. गंमत अशी की साबुदाण्याचा कसावा, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. युरोपीय दर्यावर्दी तिकडे पोहोचल्यानंतरच ती आपल्याकडे आली. ज्या उपवासाने एवढ्या परदेशी पाहुण्यांना ताटात जागा दिली, त्यात राजगिरा, ताक, मूठभर शेंगदाणे आणि काकडीची कोशिंबीर यांचा वाटा वाढवायला कोणाची हरकत असावी? राजगिऱ्यात शंभर ग्रॅममागे तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने असतात आणि कॅल्शियमही भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

मुलांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. ‘मी पण उपवास करणार’ असा हट्ट त्यांनी धरला की घरात कौतुक होते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवू नये. आवडीची एखादी गोष्ट एका दिवसापुरती सोडणे, किंवा पारण्याच्या दिवशी कोणाला तरी आपल्या हाताने जेवण वाढणे, एवढे व्रत त्याला पुरेसे आहे.

वाढण्याचा विषय निघाला म्हणून अन्नदानाबद्दल सांगतो. एकादशीला मंदिरांतून आणि सप्ताहांतून मोठ्या प्रमाणावर भगर आणि आमटीचा प्रसाद वाटला जातो, आणि भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात जवळजवळ दर वर्षी येतात. ओलसर जागी साठवलेल्या भगरीवर आणि तिच्या पिठावर बुरशी धरते, आणि तिचे विष शिजवल्यानेही हमखास नाहीसे होत नाही. म्हणून अन्न व औषध प्रशासन सुटी भगर आणि सुटे पीठ घेऊ नका, असे वारंवार सांगत असते. ज्यांना या एकादशीला शिधा द्यायचा आहे, त्यांनी पाकिटबंद भगर तारीख पाहून घ्यावी, किंवा सरळ राजगिऱ्याचे लाडू आणि केळी द्यावीत. शिजवलेला प्रसाद वाटायचा असेल, तर पहाटे रांधलेले पातेले दुपारपर्यंत तसेच न ठेवता थोडे थोडे ताजे शिजवून गरम वाढावे. नमस्कार.